शाखाबिंदू कसे ओळखायचे: फेरा मारून तपासण्याची पद्धत

वर्गमूळ, घनमूळ, लॉगॅरिदम, व्यस्त त्रिकोणमितीय फलनं: संमिश्र प्रतलावर यांना एकाच बिंदूसाठी अनेक मूल्यं असतात. अशा बहुमूल्यी फलनाचे शाखाबिंदू (ज्यांच्याभोवती फेरा मारला की मूल्य बदलतं असे बिंदू) शोधायला सांगितले, की बहुतेक विद्यार्थी सूत्राकडे बघतात. मुळाखालची राशी कुठे शून्य होते, लॉगच्या आतली राशी कुठे शून्य किंवा अनंत होते, ते बिंदू लिहितात आणि थांबतात. ही यादी करायलाच हवी, पण ती फक्त संशयितांची यादी आहे. त्यातले काही बिंदू निर्दोष निघतात आणि अनंताचा बिंदू यादीत नसूनही अनेकदा खरा शाखाबिंदू असतो. निकाल लागतो तो त्या बिंदूभोवती फेरा मारल्यावरच. म्हणून या लेखात सगळा भर फेऱ्यावर आहे.

चिन्हं आधी ठरवून घेऊ. संमिश्र चल झ, फलनाचं मूल्य व, काल्पनिक एकक आय (म्हणजे आय² = −१) आणि वर्तुळाचा स्थिरांक पाय. झ चा मापांक म्हणजे शून्यापासूनचं अंतर आणि कोनांक म्हणजे धन वास्तव अक्षाशी होणारा कोन. कोन मी बहुतेक ठिकाणी अंशांत लिहितो, म्हणजे पूर्ण फेरा ३६० अंशांचा.

पहिली पायरी: एक फेरा अगदी सावकाश मारा

व = √झ घ्या. झ = १ पासून सुरुवात करू आणि दोन मूल्यांपैकी व = १ हे निवडू. आता झ ला एकक वर्तुळावरून घड्याळाच्या उलट दिशेने नेऊ. वर्गमूळ घेताना कोनांक निम्मा होतो. झ चा कोन ९० अंश झाला तेव्हा व चा ४५ झाला. झ = −१ वर पोहोचलो तेव्हा व = आय. झ चा कोन ३६० झाला, म्हणजे झ परत १ वर आला, पण व चा कोन १८० आहे, म्हणजे व = −१. वाटेत कुठेही उडी मारलेली नाही, प्रत्येक क्षणी व सलग बदलत आला, तरीही झ घरी परतल्यावर व परतला नाही. आणखी एक फेरा मारला तर तो परत १ होतो.

हेच वर्तुळ झ = ५ भोवती, त्रिज्या १ घेऊन काढा. शून्यातून पाहिलं तर झ चा कोन थोडा वर जातो, थोडा खाली येतो आणि पुन्हा ० वर येतो. त्यामुळे √झ निमूटपणे मूळ मूल्यावर परततं. ५ हा शाखाबिंदू नाही, ० आहे.

व्याख्या यातूनच निघते. एखाद्या बिंदूभोवती कितीही लहान फेरा घेतला तरी सलग पुढे नेलेलं मूल्य फेऱ्याअंती बदलतं, तर तो शाखाबिंदू. ‘कितीही लहान’ ही अट सोडू नका. मोठ्या फेऱ्याच्या आत दुसरेच शाखाबिंदू सापडले, तर मूल्य बदलण्याचं श्रेय चुकीच्या बिंदूला जाईल.

फलन त्या बिंदूवर अनंत होतं की नाही याच्याशी शाखाबिंदूचा संबंध नाही. √झ शून्यावर शून्य होतं, १/√झ तिथे अनंत होतं, ५ + √झ तिथे ५ होतं. तिघांनाही ० हा शाखाबिंदूच आहे. उलट १/झ शून्यावर अनंत होतं, पण फेरा मारल्यावर बरोबर परततं. म्हणजे तो ध्रुव (फलन अनंत होतं, पण एकमूल्यी राहतं असा बिंदू) आहे, शाखाबिंदू नव्हे. शाखाबिंदूभोवती लोराँ श्रेणी (धन-ऋण पूर्णांक घातांची श्रेणी) लिहिता येत नाही, त्यामुळे तिथला रेसिड्यू (त्या श्रेणीतल्या −१ घाताचा सहगुणक) काढण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरी पायरी: दोन मूळ नमुने पाठ करा

पहिला नमुना झ^क, म्हणजे घात. शून्याभोवती एका फेऱ्यात मूल्याचा कोन ३६०·क अंशांनी वाढतो. क पूर्णांक असेल तर काहीच बदलत नाही. क हा संक्षिप्त रूपातला अपूर्णांक असेल तर छेदाइतक्या फेऱ्यांनी मूल्य परततं: झ^(२/३) तीन फेऱ्यांनी. क अपरिमेय असेल तर कधीच नाही.

दुसरा नमुना लॉग झ. लॉगचा वास्तव भाग मापांकावरून ठरतो आणि काल्पनिक भाग म्हणजे कोनांकच. एका फेऱ्यात २·पाय·आय ची भर पडते, दुसऱ्यात आणखी तेवढीच. गोल जिन्यासारखं आहे: वरून पाहिलं तर तुम्ही त्याच जागी आलात, पण मजला बदलला. ऋण संख्यांच्या लॉगवरून लायब्निट्स आणि योहान बर्नूली यांच्यात १७१२-१३ च्या सुमारास पत्रांतून वाद झाला होता. ऑयलरने १७४९ मध्ये दाखवलं, की प्रत्येक शून्येतर संख्येला अनंत लॉग असतात. ते एकमेकांपासून नेमके २·पाय·आय च्या पटीत दूर असतात, आणि ही पट म्हणजेच आपण किती फेरे मारले ती संख्या.

तिसरी पायरी: प्रत्येक घटकाचा कोन वेगळा मोजा

व = √(झ² − १) घेऊ. मुळाखालची राशी (झ − १)(झ + १) अशी फोडा. संशयित दोन: १ आणि −१. आता एक कोन १ पासून झ कडे जाणाऱ्या रेषेचा, दुसरा −१ पासून झ कडे जाणाऱ्या रेषेचा. व चा कोन या दोघांच्या बेरजेचा निम्मा. ही आकृती कागदावर खरोखर काढावी. इथे बीजगणितापेक्षा डोळे लवकर काम करतात.

फक्त १ भोवती लहान फेरा मारला तर पहिला कोन ३६० ने वाढतो, दुसरा थोडा हलून जागेवर येतो. बेरजेचा निम्मा १८०, म्हणजे चिन्ह बदललं. १ शाखाबिंदू आहे. −१ बाबत तेच. पण दोघांना मिळून वेढणारा फेरा मारला तर दोन्ही कोन ३६० ने वाढतात, निम्मी बेरीज ३६०, मूल्य जसंच्या तसं. या शेवटच्या निरीक्षणाचा उपयोग छेद (मूल्य बदलणारे फेरे अडवणारी रेषा) काढताना होणार आहे.

सर्वसाधारण नियम असा. (झ − अ)^क · (झ − ब)^ख अशा गुणाकारात फेऱ्याने ज्या बिंदूंना वेढलं त्यांच्या घातांकांची बेरीज करा. बेरीज पूर्णांक असेल तर मूल्य परततं, नसेल तर नाही.

चौथी पायरी: अनंताचा बिंदू विसरू नका

संमिश्र प्रतलाला अनंताचा एक बिंदू जोडला की रीमान गोल तयार होतो. त्या बिंदूभोवतीचा लहान फेरा म्हणजे आपल्या बाजूने पाहिलं तर सगळ्या सान्त शाखाबिंदूंना वेढणारं प्रचंड मोठं वर्तुळ. तपासण्याचे दोन मार्ग आहेत: त्या मोठ्या वर्तुळावर घातांकांची बेरीज करा, किंवा झ = १/ट ठेवून ट = ० भोवती पाहा.

√(झ² − १) मध्ये बेरीज १/२ + १/२ = १, त्यामुळे अनंत शाखाबिंदू नाही. ट घालून पाहिलं तर √(१ − ट²)/ट मिळतं, तेही तेच सांगतं. √(झ(झ − १)(झ − २)) मध्ये बेरीज ३/२, म्हणून अनंतही शाखाबिंदू. बहुपदीच्या वर्गमूळाचे शाखाबिंदू अनंत धरून नेहमी सम संख्येतच येतात. उत्तर विषम आलं तर कुठेतरी चुकलंय हे लगेच कळतं. ∛(झ² − १) मध्ये बेरीज २/३, अनंत शाखाबिंदू. ∛(झ²(झ − १)) मध्ये बेरीज १, अनंत शाखाबिंदू नाही.

लॉगमध्ये मात्र बेरीज पूर्णांक असून चालत नाही, ती शून्यच व्हावी लागते. लॉग(झ² − १) मोठ्या वर्तुळावर ४·पाय·आय ने वाढतो, म्हणून अनंत शाखाबिंदू आहे. लॉग((झ − १)/(झ + १)) मध्ये वरचा घटक २·पाय·आय देतो आणि खालचा तेवढेच काढून घेतो, म्हणून अनंत सुटतं. आतली राशी एकच असली तरी तिच्यावर वर्गमूळ आहे की लॉग, यावर उत्तर अवलंबून राहतं.

पाचवी पायरी: खोटे संशयित वगळा

√(झ²) मध्ये मुळाखाली शून्य येतं, पण ते दुहेरी आहे. फेऱ्यात कोन ७२० ने वाढतो, निम्मा ३६०. म्हणजे हे मुळात झ आणि −झ अशी दोन स्वतंत्र फलनं आहेत, एकमेकांत कधीच न मिसळणारी. सम घाताचं शून्य वर्गमूळाखाली निरुपद्रवी असतं.

कॉस(√झ) मध्ये वर्गमूळ उघड दिसतं, पण फेऱ्याने √झ चं −√झ झालं तरी कॉस सम असल्याने त्याला फरक पडत नाही. श्रेणी लिहून पाहा: १ − झ/२ + झ²/२४ − … यात अर्धा घात कुठेच नाही. साइन(√झ) मात्र चिन्ह बदलतं, तिथे ० शाखाबिंदू आहे. साइन(√झ)/√झ मध्ये तो पुन्हा नाहीसा होतो.

एक्सपोनेन्शियल फलन कधीच शून्य होत नाही, त्यामुळे त्याच्या वर्गमूळाला सान्त शाखाबिंदूच नाहीत. √(साइन झ) ला पायच्या प्रत्येक पूर्णांक पटीवर आहेत. ते अनंताकडे दाटत जातात, म्हणून अनंताभोवती इतरांना न वेढणारा लहान फेराच उरत नाही आणि वरची चाचणी तिथे लागू होत नाही.

सहावी पायरी: तुम्ही कोणत्या पानावर आहात ते विचारा

ही पायरी पाठ्यक्रमात घाईने उरकली जाते, पण विषयाचं खरं सौंदर्य मला इथेच दिसतं. १८५१ मध्ये ग्यॉटिंगेन इथे सादर केलेल्या प्रबंधात रीमानने बहुमूल्यी फलनाला एका प्रतलाऐवजी अनेक पानांच्या पृष्ठावर बसवलं. प्रत्येक मूल्याला आपलं पान मिळालं आणि शाखाबिंदूपाशी पानं एकमेकांना जोडली गेली. यामुळे एक प्रश्न नव्याने विचारता आला: हा बिंदू कोणत्या पानावर शाखाबिंदू आहे?

व = √(१ + √झ) घ्या. प्रत्येक झ साठी चार मूल्यं. संशयित: झ = ० (आतलं मूळ) आणि जिथे १ + √झ = ० तो बिंदू, म्हणजे झ = १. आता १ भोवती फेरा मारू. आतलं मूल्य √१ = +१ घेतलं असेल तर १ + √झ हे २ च्या आसपास छोटासा फेरा मारून परततं, शून्याला वेढतच नाही. व बदलत नाही. आतलं मूल्य −१ घेतलं असेल तर १ + √झ साधारण −(झ − १)/२ इतकं असतं, ते शून्याला एक वेढा घालतं आणि व चं चिन्ह बदलतं. एकच बिंदू दोन पानांवर साधा आणि उरलेली दोन पानं जोडणारा.

लॉग(लॉग झ) मध्येही हेच. झ = १ वर आतला लॉग शून्य असेल फक्त त्या पानावर शाखाबिंदू आहे. शून्याभोवती एक फेरा मारून १ वर परत आलात, की आतला लॉग २·पाय·आय असतो आणि तिथे काहीच घडत नाही. म्हणून अशा उदाहरणांत ‘१ शाखाबिंदू आहे’ एवढं लिहिणं अर्धं उत्तर आहे. कोणत्या मूल्यापासून निघालात तेही लिहा.

व्यस्त त्रिकोणमितीय फलनं याच रीतीने सुटतात. व्यस्त टॅन म्हणजे (१/(२·आय))·लॉग((१ + आय·झ)/(१ − आय·झ)), शाखाबिंदू आय आणि −आय, अनंत नाही. व्यस्त साइन म्हणजे −आय·लॉग(आय·झ + √(१ − झ²)). लॉगच्या आतली राशी शून्य होऊ शकते का? तसं असेल तर वर्ग करून −झ² = १ − झ² यायला हवं, ते अशक्य आहे. म्हणून सान्त शाखाबिंदू फक्त १ आणि −१, तेही वर्गमूळ जातीचे (दोन फेऱ्यांनी मूल्य परततं). अनंतावर लॉग जातीचा (कितीही फेरे मारले तरी परतत नाही).

सातवी पायरी: सूत्र नसेल, फक्त समीकरण असेल तर

व³ − ३व = झ. झ दिला की व ची तीन मूल्यं. सूत्र शोधायची गरज नाही. मूल्यं एकमेकांत मिसळण्यासाठी आधी ती एकत्र यावी लागतात. म्हणून डाव्या बाजूचा व च्या संदर्भात अवकलज शून्य करा: ३व² − ३ = ०, व = ±१, आणि झ = −२ किंवा २.

झ = ० वर मूल्यं ०, √३, −√३ आहेत. वास्तव अक्षावरून झ ला २ कडे न्या. ० आणि −√३ ही दोन मूल्यं −१ वर भेटतात, तिसरं २ वर एकटं पोहोचतं. २ भोवती फेरा मारून ० वर परतलात, की त्या दोघांची अदलाबदल झालेली असते. −२ कडे गेलात तर ० आणि √३ यांची अदलाबदल होते. दोन्ही फेरे लागोपाठ मारले की तिन्ही मूल्यं चक्राकार सरकतात. तेच अनंताभोवतीचं वर्तन, कारण मोठ्या झ साठी व जवळपास ∛झ सारखं असतं. फेऱ्यांनी मुळांची अशी फेरमांडणी होते हे फ्रेंच गणितज्ञ प्युइझोने १८५० मध्ये बारकाईने अभ्यासलं होतं.

एक सावधगिरी बाळगा. मूल्यं एकत्र आली म्हणजे शाखाबिंदू झालाच असं नाही. व² = झ²(झ + १) मध्ये झ = ० वर दोन्ही मूल्यं शून्य होतात, पण व = ±झ·√(झ + १) असल्याने तिथे ती एकमेकांना छेदून आपापल्या वाटेने निघून जातात. शाखाबिंदू −१ आणि अनंत.

आठवी पायरी: छेद शेवटी काढा, आणि तो तुमचा आहे हे लक्षात ठेवा

एकमूल्यी शाखा हवी असेल तर प्रतलात छेद घेऊन मूल्य बदलणारे फेरे अडवायचे. √झ साठी ० पासून अनंतापर्यंत कोणतीही रेषा चालते, वाकडी असली तरी. √(झ² − १) साठी −१ ते १ हा तुकडा पुरतो, कारण दोघांना वेढणारा फेरा निरुपद्रवी आहे. किंवा दोन बाहेर जाणाऱ्या रेषाही चालतात. लॉग((झ − १)/(झ + १)) लाही तो तुकडा पुरतो, पण लॉग(झ² − १) ला पुरत नाही, तिथे छेद अनंतापर्यंत न्यावाच लागतो.

शाखाबिंदू फलनाचे असतात, छेद आपण निवडतो. याचा पडताळा टेलर श्रेणीत दिसतो. √झ ची प्रमुख शाखा ऋण वास्तव अक्षावर छेद घेऊन ठरवली आणि −३ + आय या बिंदूभोवती श्रेणी लिहिली, तर छेद फक्त १ अंतरावर आहे. तरी अभिसरण त्रिज्या √१०, म्हणजे सुमारे ३.१६ निघते: थेट ० पर्यंतचं अंतर. श्रेणीला छेद दिसतच नाही. छेदाच्या पलीकडे −३ − आय वर ती प्रमुख मूल्याच्या उलट चिन्हाचं मूल्य देते.

संगणकावर हाच मुद्दा त्रास देतो. पायथनसह बहुतेक भाषांत वर्गमूळाचा छेद ऋण वास्तव अक्षावर असतो. √(झ² − १) असं एकाच मुळात लिहिलं, तर झ² − १ ऋण होतं तिथे मूल्य उडी मारतं: −१ ते १ या तुकड्यावर आणि शिवाय सगळ्या काल्पनिक अक्षावर. √(झ − १)·√(झ + १) असं लिहिलं तर उडी फक्त तुकड्यावर राहते, कारण −१ च्या डावीकडे दोन्ही घटक एकदम चिन्ह बदलतात. झ = −२ घालून पाहा: पहिल्या लेखनात √३, दुसऱ्यात −√३. अनंताकडे झ सारखं वागणारी शाखा हवी असेल तर दुसरं लेखन वापरा. आणि नेमक्या छेदावरचं मूल्य काढताना काल्पनिक भाग +० आहे की −० यावरही उत्तर बदलतं. हा भेद का जपावा हे विल्यम कॅहॅन यांनी १९८७ मध्ये सविस्तर मांडलं आहे.

वाटेवरून सलग मूल्य हवं असेल तर छेदांच्या भानगडीत पडू नका. वाटेचे लहान टप्पे करा आणि प्रत्येक टप्प्यावर दोन मूल्यांपैकी आधीच्या मूल्याला जवळचं निवडा. वर्गमूळासाठी एका टप्प्यात मुळाखालच्या राशीचा कोन १८० अंशांपेक्षा बराच कमी बदलला पाहिजे, एवढीच अट.

सगळं एकत्र: एक समाकल

१/(√क्ष·(१ + क्ष)) याचा ० ते अनंत समाकल काढायचा आहे. ० आणि अनंत हे शाखाबिंदू, −१ वर ध्रुव. नेहमीचा, ऋण वास्तव अक्षावरचा छेद इथे घेतला तर तो ध्रुवावरूनच जातो, म्हणून छेद धन वास्तव अक्षावर ठेवू आणि कोन ० ते ३६० मोजू. वाट छेदाच्या वरच्या काठाने बाहेर जाते, मोठ्या वर्तुळावरून फिरते, खालच्या काठाने परतते आणि शून्याला लहान वर्तुळाने वळसा घालते. वरच्या काठावर √झ = √क्ष, खालच्या काठावर एक फेरा पूर्ण होत आल्याने √झ = −√क्ष. खालच्या काठाने आपण उलट दिशेने परत येतो, त्यामुळे दोन ऋण चिन्हं मिळून दोन्ही काठांचं योगदान सारखं होतं आणि बेरीज समाकलाच्या दुप्पट येते. शून्याजवळच्या लहान आणि बाहेरच्या मोठ्या वर्तुळाचं योगदान सीमेत शून्य होतं. −१ चा कोन १८०, म्हणून तिथे √झ = आय आणि रेसिड्यू १/आय. समाकलाची दुप्पट = २·पाय·आय·(१/आय) = २·पाय, म्हणजे समाकल = पाय. क्ष = उ² हे आदेशन करून पडताळा घ्या: २/(१ + उ²) चा ० ते अनंत समाकल उरतो आणि तोही पायच येतो.